एकाच गंजातली बासी

सरोजिनीबाई रेल्वेच्या बुकिंग ऑफिसातून निवृत्त झाल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता बाई घरी बसतील. त्या कसल्या बसतात! रायपूरच्या तात्यापारा वस्तीतल्या मराठी मंडळाच्या पटांगणात दर मे महिन्यात त्यांचं मुलांचं शिबिर भरे, तेही नोकरीतून सुट्टी टाकून. आता तर त्यांना रान मोकळंच झालं.

भल्या सकाळी लेझीम, खो-खो, आणि उन्हं चढली की बासी. प्रत्येक पोरानं रात्रीचा भात पाण्यात भिजवून डब्यात आणायचा, सगळे डबे एका मोठ्या गंजात म्हणजे पातेल्यात रिकामे करायचे, आणि मीठ-कांदा घालून एका पंगतीत खायचं. इथल्या उन्हाला हाच उतारा, असं बाई म्हणत. वाढायचा डाव मात्र हुशार पोराच्या हाती कधीच नाही. जे सगळ्यात भित्रं, ते वाढणार. वर्ध्याहून लग्न होऊन आल्या तेव्हा बाईंना शेजारणीकडे मीठ मागायचीही धास्ती वाटे. हाताला काम असलं की भीतीला बसायला जागा उरत नाही, हे त्या तेव्हाच शिकल्या.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, साहेब लोकांची घरं वाढली आणि त्यांची मुलं शिबिरात आली. त्याच उन्हाळ्यात बाईंनी बीरगांवच्या कारखान्यांतल्या कामगारांची पोरंही आणली.

एका सकाळी मंडळाचे सचिव अच्युतराव बाईंना बाजूला घेऊन म्हणाले की भात कुणाकुणाच्या घरचा असतो, यावर नवे पालक कुरकुरताहेत. ज्यानं त्यानं आपापला डबा खावा.

"कुणाकुणाच्या म्हणजे कोणाच्या?" बाईंनी विचारलं. "नाव घ्या ना, अच्युतराव."

डबे वेगळे झाले नाहीत तर फाटकाला कुलूप लागेल, एवढं बजावून ते गेले.

दुसऱ्या दिवशी खरंच कुलूप होतं. पोरं डबे घेऊन गल्लीत ताटकळत होती. बाईंनी घरचा गंज रिक्षात घालून आणला, फाटकासमोरच्या कडुनिंबाखाली सतरंज्या अंथरल्या.

"काहून उभे आहात रे पोट्टेहो? लेझीम कुलपात आहे, भूक नाही."

त्या वर्षी डाव गंधालीच्या हाती होता. नाव विचारलं तरी आईच्या ओढणीत तोंड लपवणारी ही पोर. पहिले काही दिवस तिच्या हातून पत्रावळीपेक्षा सतरंजीवरच भात जास्त पडे.

तिची आई पद्मिनी रोज फाटकाशी जीव मुठीत धरून उभी असे. आज साहेबांच्या बायका आपापली मुलं हाताला धरून नेऊ लागल्या. पद्मिनीच्या नवऱ्याच्या वरिष्ठांची बायकोही त्यांत होती, आणि ती पद्मिनीकडेच बघत होती. पद्मिनीनं लेकीला हाक मारली.

"मम्मी, रुको," गंधालीनं मान वर न करता म्हटलं. "इस लाइन में अभी किसी को नहीं मिला." आणि ती बीरगांवच्या पोरांच्या पत्रावळींवर वाकली.

पद्मिनीला पाऊल पुढेही टाकवेना, मागेही. बाईंनी एक रिकामी पत्रावळ तिच्यासमोर सरकवली.

"उभ्यानं जीव जास्त घाबरतो, पोरी. बस."

ती बसली, सगळ्यांदेखत, पंगतीच्या टोकाला. वरिष्ठांची बायको गाडीत बसून निघून गेली. गंधालीनं आईलाही इतरांइतकाच एक डाव वाढला, न सांडता.

तेवढ्यात अच्युतराव तिथे आले. निम्मी पोरं गेली, शिबिर मोडलं, असं त्यांनी ऐकवलं.

"गेले ते पोट्टेही माझेच," बाई म्हणाल्या. "उद्या आले तर जागा आहे. नाही आले तर हे दोनदा खातील. कुलूप तुमचं, अच्युतराव. गल्ली सगळ्यांची."

गंजात बासी पुष्कळ उरली होती. बाईंनी गंधालीला खूण केली. ती डाव भरून घेऊन पुन्हा पंगतीच्या पहिल्या पानापाशी गेली.