दहापैकी एक मार्क

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीनंतर पेन सहीपुरतंच हातात धरलं. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

ताराबाई रक्त काढायच्या खाटेवर आडव्या होत्या. फॉर्म भरून घेणाऱ्या मॅडम मला म्हणाल्या, "मावशी, यांची फाइल विकतच्या गठ्ठ्यात ठेवा. स्कोर परत कमी आलाय."

मी वसईच्या एका दवाखान्यात आया आहे. दर गुरुवारी मुंबईहून रक्ताचे डॉक्टर यायचे. ताराबाई चांदीप गावच्या, घरची भातशेती. त्यांना रक्ताचा कॅन्सर होता, पण वर्षानुवर्षं चालणारा. यात शरीर नको तितकं रक्त बनवतं आणि ते दाट होतं. म्हणून अधूनमधून बाटलीभर रक्त काढून टाकायचं आणि रोज कॅप्सूल घ्यायची.

रक्ताचा रिपोर्ट मशीन देतं. थकवा, खाज, घाम मशीनला दिसत नाही. ते पेशंटलाच विचारावं लागतं. त्यासाठी फॉर्म होता. दहा त्रास, प्रत्येकापुढे शून्य ते दहा. शून्य म्हणजे त्रास नाही, दहा म्हणजे असह्य. सगळ्याची बेरीज म्हणजे स्कोर. स्कोर जास्त असेल त्याला एक संस्था कॅप्सूल फुकट द्यायची. ताराबाईंचा स्कोर अकरा.

मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधत होते. त्या हळूच म्हणाल्या, "तीन महिने झाले, इकत घेते. परवडत नाय, म्हनून एक दिवसाआड खाते."

मी घाबरले. रक्त दाट झालं तर गाठ होते, माणूस लुळा पडतो.

"खाज येते का?"

"आंगावर पानी पडलं की मुंग्या चावल्यागत होतं. न्हायाचंच सोडलंय. दोन घास खाल्ले की पोट गच्च."

"मग फॉर्मात काय सांगितलंत?"

"बाईंनी इचारलं, थकव्याला दहापैकी किती मार्क? माझी तब्येत नापास, मंग एक दिला. खोटं कशाला बोलू?"

माझं डोकं तापलं. मी डॉक्टरांसमोर कधी मान वर करत नसे. त्या दिवशी फाइल घेऊन थेट केबिनमध्ये गेले. मॅडम तिथेच होत्या.

"मॅडम, तुम्ही मार्क म्हणता, तिथे चुकतंय."

"मावशी, फॉर्म तज्ज्ञांनी बनवलाय. तुम्ही किती शिकलात?"

"चौथी."

"मग?"

"चौथीपर्यंत दहापैकी दहा म्हणजे पोरगी हुशार. पुढे उलटं होतं का, ते मला माहीत नाही."

डॉक्टर हसले. मग त्यांनी फॉर्म उघडला आणि हसणं थांबलं. फॉर्मवर मार्क हा शब्द कुठेच नव्हता. शून्य म्हणजे काय, ती ओळ मॅडम घाईत वाचतच नव्हत्या.

डॉक्टर खाटेपाशी आले, पण त्यांनाही कसं विचारावं कळेना. मीच म्हटलं, "ताराबाई, डोक्यावर पाटी आहे. रिकामी म्हणजे शून्य, काठोकाठ भरली म्हणजे दहा. थकव्याची पाटी किती?"

"भरलेली गं. वर आनखी ढीग."

दहाही प्रश्न तसेच विचारले. स्कोर एकाहत्तर. मग जुन्या फायली काढून त्या पेशंटनाही पाटीचं विचारलं. आणखी चार जण तसेच निघाले. त्यातल्या एका आजोबांनी तर बरं वाटतं म्हणून सगळीकडे दहा दिले होते.

मॅडम म्हणाल्या, "पण यांनी आधी सांगायला नको का?"

अजून आठवलं की अंगाची आग होते. ती बाई तीन महिने खरंच सांगत होती.

त्याच दिवशी कॅप्सूल फुकट सुरू झाल्या. मागचे पैसे परत द्या, असं डॉक्टर मॅडमना सांगून गेले. मॅडम मला म्हणाल्या, "संस्था मागचं देत नाही." दोन आठवड्यांनी मॅडमकडून निम्मे आले. पुढचे येईनात. भांडायचं मला जमत नाही. मी दर गुरुवारी दुपारी मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभी राहायचे.

"काय हवंय?"

"काही नाही."

आणि तिथेच उभी.

आता फॉर्म भरून घ्यायला नवीन कोणी आलं की मी एवढंच सांगते, आकडा लिहिण्याआधी समोरच्याला तो कशाचा वाटतो ते विचारा.

माफी कोणी मागितली नाही. पाचव्या गुरुवारी मॅडमनी पाकीट टेबलावर टाकलं. ताराबाईंनी आधीचे आणि हे मिळून दोनदा मोजले. नऊशे साठ. पुरे भरले.