पाच ठोके धर, पाच ठोके सोड

आधी खालाचं सांगते. भिंतीपलीकडच्या घरात मागावर हिमरूच्या शाली विणायचे, त्या घरातली ती थोरली बाई. नातं काही नव्हतं. सगळा मोहल्ला तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा, म्हणून मीही म्हणायची. मी आज माझ्या घरात, माझ्या मुलीजवळ आहे ती तिच्यामुळं. बाकीचं त्याच्यानंतर.

मी तिसरीतून शाळा सोडलेली. मागचं पुढं झालं तर सांभाळून घ्यावं. माहेर, सासर दोन्ही समुद्राकडची, रत्नागिरीच्या बाजूची. ह्यांना रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी मिळाली म्हणून आम्ही औरंगाबादेत आलो. तेव्हा निजामाचं राज्य. दुकानांवरच्या पाट्या उर्दूत, त्यातली एक मला वाचता यायची नाही.

पहिलं बाळंतपण इथंच झालं. माहेरी जायचं म्हणजे लांब, आणि न्यायला कुणी नव्हतं. दोन दिवस अडले होते. मुलगी झाली. बायकांनी ती माझ्या शेजारी ठेवली. दुसऱ्या कुणाचं तरी गाठोडं सांभाळायला दिल्यासारखं वाटलं. सगळ्या म्हणाल्या, गोरी आहे. मी हो म्हणाले.

सव्वा महिन्यानं पाण्याला जायला लागले. गल्लीच्या तोंडाशी जमिनीखालून येणाऱ्या नहरीच्या पाण्याचा हौद होता. पहिल्याच दिवशी घागर उचलून कडेवर घेतली आणि लुगडं भिजलं. घागर हिंदकळली असेल असं वाटलं. पण हौदाचं पाणी गार होतं आणि हे ऊन होतं.

मग खोकलं की व्हायचं, शिंकलं की व्हायचं, बसल्याची उठले तरी व्हायचं. खाली काहीतरी उतरून आल्यासारखं जड लागायचं. दिवसाला तीन लुगडी धुवायची. आईचं पत्र आलं होतं, त्यात तिनं लिहवून घेतलं होतं की पोट घट्ट बांध, मोकळं ठेवू नकोस. मी ह्यांचं जुनं धोतर फाडून बांधत होते. जितकं गळायचं तितकं जास्त आवळायची. पिशवीचं तोंड सैल झालंय, आवळलं की बंद होईल, असं मला वाटायचं.

हे रागावले नाहीत. एकदा जेवताना म्हणाले, "आईला कार्ड टाकलंय. भातकापणी आटोपली की येईल. आठ दिवस बघू दे तिला. तुला जमत नसलं तर तू माहेरी जा, बरी हो. मग बघू."

"आणि मुलगी?"

"मुलीला आई नेईल."

माझ्या मावसबहिणीलाही 'मग बघू' म्हणूनच धाडलं होतं. ती अजून भावाच्या घरी दळते आहे. हे सगळं मला कळत होतं. रडू यायला पाहिजे होतं. मी उठले आणि ताट घासलं.

दुसऱ्या दिवशी खाला मागच्या दारी आली. दोरीवरच्या लुगड्यांकडं बघून म्हणाली, "रोज तीन तीन सुकतात तुझी. शादी है क्या घर में?"

ती आत आली आणि तिनं पदराखाली माझ्या पोटावर हात ठेवला. "ये क्या बांधी? गठुडं आहे का तू?"

सात लेकरं झालेली बाई. मोहल्ल्यातल्या बाळंतपणांना तीच जायची. तिनं गाठ सोडली. कातडीवर लाल वळ उठले होते. "उशी मधी दाबली की टोकाला फुगते ना? तसंच हे. वरून दाबशील तर खालीच येणार, बेटी."

तिनं मला चटईवर उताणं झोपवलं, गुडघे उभे करायला लावले. म्हणाली, "पेशाब मधीच थांबवायची, तसं आतून वर ओढ." मी श्वास कोंडला आणि बाळंतपणात दिला तसा जोर दिला.

"नक्को, नक्को! बच्चा झाला तुझा. आता काय हाथी काढती?" ती हसली. मला हसू आलं नाही. "सांस सोड. सोडता सोडता वर ओढ. तोंड लाल नाय झालं पाहिजे. तोंडाला पत्ताच नाय लागला पाहिजे."

"किती वेळ?"

"आमचा माग ऐकू येतो ना? पाच ठोके धर, पाच ठोके सोड. सोडायला विसरू नको. ताणूनच ठेवला तर धागा तुटतो."

"आणि शुक्रवारी?"

"जुम्म्याला माग बंद. तुझी पण छुट्टी."

सुरुवातीला दोन ठोक्यांतच सुटायचं. मी भाजी चिरताना करायची, मुलीला पाजताना करायची. चुकत तर नसेल, ही भीती कायम. पंधरा दिवसांनी खालाला सांगितलं, काही फरक नाही. ती म्हणाली, "एका दिवसात शाल निघते का मागावरून?" पुढं एकदा ती घागर उचलण्याआधी श्वास सोडायला शिकवून गेली. दीड महिन्यानं पाच ठोके धरता आले. लुगडी तिनाची दोन, मग एक झाली.

सासूबाई आल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलीला खांद्यावर घेऊन माझ्यामागं हौदापर्यंत आल्या.

"उचल बघू," म्हणाल्या.

तिथं माग ऐकू येत नव्हता. मी श्वास सोडला, आतून वर ओढलं आणि घागर उचलली. मांडीला ऊन पाणी कधी लागतंय याची वाट बघत चालले. लागलं नाही. सासूबाई घरापर्यंत माझ्या लुगड्याच्या मागच्या बाजूकडं बघत होत्या. घरात आल्यावर म्हणाल्या, "मीठ संपत आलंय गं. आणायला सांग त्याला."

आठव्या दिवशी त्या एकट्याच गाडीत बसल्या. त्या दिवशीही मला फारसा आनंद झाला नाही. भिंतीला टेकून बसले. पलीकडं माग चालू होता. मी ठोके मोजत होते, आणि जरा वेळानं लक्षात आलं की मुलीच्या बोटांवर मोजते आहे.

मोठी शिंक आली तर अजून थोडं होतं. पण लुगडं बदललं की झालं.

खाला आता गंगापूरला लेकाकडं असते. गुडघे गेलेत म्हणे, आणि त्या घरी पाणी आडातून ओढावं लागतं. तिचे आभार मी कधी धडपणे मानले नाहीत, तेव्हा तोंडातून काही निघायचंच नाही. एकदा मी जाणार आहे. आठ दिवस राहीन आणि तिच्या घरचं सगळं पाणी मी भरीन. नक्को नक्को म्हणाली तरी भरीन.