गाडी बघायला नाथाजीमामा

साताऱ्यात कुणी जुनी गाडी घ्यायचं मनावर घेतलं, की पहिला फोन जातो तो नाथाजीमामांना. सैन्यात चोवीस वर्षं गाड्या उघडल्या आणि जोडल्या, हवालदार म्हणून घरी आले, आणि तेव्हापासून रविवारची सकाळ लोकांच्या गाड्यांना देऊन बसले. पैसा घेत नाहीत. मालकाला मात्र आदल्या दिवशी दम भरतात, "मी यायच्या आधी गाडी सुरू करायची न्हाई. एकदम ठंडी पायजे." गेल्या गेल्या बॉनेटवर तळवा ठेवतात. गरम लागलं की आल्या पावली माघारी. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जे बोलतं ते खरं, नंतर तेही सावरून घेतं, असं त्यांचं म्हणणं.

आणखी एक रीत होती. मालकाच्या दारात त्याच्या गाडीला वाईट म्हणायचं नाही. मामांनी स्वतःची पहिली गाडी विकायला काढली तेव्हा एक गिऱ्हाईक टायरला लाथ मारून, "हे भंगार कोण घेणार?" म्हणून हसत गेलं होतं. मामा त्या दिवशी जेवले नव्हते. म्हणून घेणाऱ्याला ते वाटेतच सांगून ठेवत, "मी पानी मागितलं की समजायचं, गाडी नको. गुमान उठायचं." बारा-तेरा वर्षं ही खूण बिनबोभाट चालली.

मग दुष्काळी माणमधल्या रंगुबाई आल्या. दहिवडीच्या पलीकडची वाडी, पिढ्यान्‌पिढ्यांचा मेंढरांचा धंदा. मुलगा जोतिबा मुंबईला गोदामात कामाला. घरी रंगुबाई आणि सून राणी. वाडीतल्या सहा मुलींचं कॉलेज सुटायच्या बेतात होतं, कारण एसटी फाट्यावरून पुढे येत नव्हती. राणी गाडी चालवायला शिकली, लायसन काढलं आणि सासूला म्हणाली, "आत्या, मी नेते पोरींना." रंगुबाईंनी चार दिवस विचार केला आणि चाळीसची चाळीस मेंढरं विकली.

"समदी?" मामांनी विचारलं.

"अर्धी ठिवून काय करू दादा? निम्मी गाडी येती व्हय?"

सांगलीला एक सात सीटांची गाडी होती. मे महिन्यातला रविवार. पहाटेच तिघं मामांच्या गाडीतून निघाली. वाटेत मामांचा तास चालू. "राणी, गाडी पोरींसाठी वापरायची म्हंजी पासिंग बदलायचं, परमिट काढायचं, पिवळी पाटी लावायची. मगच पोरी बसवायच्या. आनि धुताना इंजिनावर पायपानं पानी मारायचं न्हाई. जनावर न्हवं ते, वायरी असत्यात आत."

"आन् ती खूण, मामा?"

"पानी मागितलं, की उठायचं."

गाडीचे मालक लालासाहेब, निवृत्त शिक्षक. नदीच्या बाजूच्या गल्लीत घर. माणूस इतका सज्जन, की पाहुण्यांच्या चपला सावलीत सरकवून ठेवल्या. गाडी आरशासारखी. रंगुबाई तिच्याभोवती एक फेरी मारून आल्या. "लय निगुतीनं ठिवलीया हो मास्तर."

"घरात बांधून ठेवल्यासारखी आहे," लालासाहेब म्हणाले.

बॉनेट थंड. इंजिन एका चावीत सुरू. ऑइलची काडी स्वच्छ. मामा खूश होत होते, इतक्यात त्यांनी ड्रायव्हरचा सीटबेल्ट ओढला, शेवटपर्यंत ओढला, तसा आतल्या टोकाला हातभर तपकिरी डाग निघाला. मामांनी बेल्ट हळूच सोडला. सीटखाली हात घातला. सीट सरकायच्या पट्टीच्या खाचेत काहीतरी वाळून घट्ट बसलं होतं. नखानं खरवडलं आणि मूठ मिटली. स्टेपनीच्या खड्ड्यातले बोल्ट गंजून लाल झाले होते. कार्पेट मात्र नवं कोरं.

दोन हजार एकोणीसच्या पुरात ही गाडी सीटपर्यंत बुडाली होती. आज चालेल, वर्षभरही चालेल. मग एक दिवस आतल्या वायरी कुजून जागेवर बसेल. घाटात बसली तर मागे सहा मुली.

मामा ओसरीवर आले. घसा खाकरून म्हणाले, "सर, जरा पानी मिळंल का?"

लालासाहेबांनी तांब्या आणला. रंगुबाई म्हणाल्या, "मलाबी द्या बया, जीभ टाळ्याला चिकटलीया." राणी घटाघटा दोन पेले प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तुमच्या सांगलीचं ऊन लय वाईट, सर." मे महिन्यात, त्या उकाड्यात, पाणी मागणारा माणूस कुणाला खूण करतोय असं वाटणार?

मामांनी डोळे मोठे केले. राणी म्हणाली, "आजून देऊ का मामा?"

आणि सासूनं कनवटीची पिशवी सोडली. "मास्तर, आजच इसार धरा. पुन्यांदा एवढ्या लांब येनं व्हायचं न्हाई."

मामांच्या मुठीत सीटखालचं ते ढेकूळ अजून होतं. समोर म्हातारा शिक्षक, त्याचं दार, त्याची बायको आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी. इतक्या वर्षांत कुणाच्या दारात कुणाला खाली बघायला लावलं नव्हतं. रंगुबाई पिशवीतली रुमालाची गाठ दातानं सोडत होत्या.

"अक्का, थांबा," मामा म्हणाले. मूठ उघडून त्यांनी ती माती रंगुबाईंच्या तळव्यावर ठेवली. "ही वळखा."

रंगुबाईंनी बोटांनी चुरली, नाकाला लावली. "ह्यात काय वळखायचं? गाळ हाय. तळं आटल्यावर आमी शेतात वडतो, त्यो. कुटं घावला?"

"गाडीत."

"गाडीत गाळ कुनी घातला?" त्या खरंच गोंधळल्या होत्या. आयुष्य पाण्याची वाट बघण्यात गेलेलं, घरात शिरणारं पाणी त्यांना ठाऊकच नव्हतं.

लालासाहेब पायरीवर बसले. "पाच दिवस पाण्यात होती," ते म्हणाले. "आम्ही माडीवर. वरून टप तेवढा दिसायचा. नंतर सगळं साफ करून घेतलं. चालते हो चांगली."

"आज चालती, सर. गाडी पाण्यात गेलीवती हे आधी सांगायचं हुतं."

"ज्यांना सांगितलं त्यांनी फोन ठेवला. सांगलीतला माणूस तर आधी सीटखालीच वाकतो."

"म्हनून मानदेशी मानूस गाठला?"

शब्द निघून गेल्यावर मामांनाच लागला. लालासाहेबांची मान खाली गेली. राणीनं पिशवी ओढून घेतली. रंगुबाई मात्र म्हाताऱ्याकडेच बघत होत्या. "माडीवर पाच दिस? खायला काय हुतं वो मास्तर?"

"पोहे. कोरडे."

"आगं बया," त्या म्हणाल्या.

निघताना मामांनी लालासाहेबांना बाजूला घेतलं. ही गाडी लांब जाणाऱ्याला देऊ नका; पूर सांगून, कमी भावात, सुटे भाग घेणाऱ्याला द्या. लालासाहेब "बरं" म्हणाले. फाटकापर्यंत आले नाहीत.

पेठनाक्याला मागून राणी फुटली. "मामा, तुमी पानी मागून गप बसला. मला वाटलं तहान लागली! आत्यांनी गाठ सोडली नसती का?"

"सोडलीच हुती."

"मंग? त्यांची लाज राखायची, आन् आमची मेंढरं?"

"राणी," सासू म्हणाली, "थोरल्या मानसाला आसं बोलत्यात?"

"बोलू द्या अक्का," मामा म्हणाले. "बरोबर बोलती." एवढंच. पण पुढे साताऱ्यापर्यंत त्यांनी आपल्या गाडीचा आवाजसुद्धा ऐकला नाही.

तिसऱ्या रविवारी लोणंदला गाडी बघायची होती. मालक इंद्रजित, बाजारात अडतीचं दुकान. यावेळी वाटेत कसलीही खूण ठरली नाही. मामांनी बॉनेटला हात लावला, सीटखाली वाकले, स्टेपनी काढली, दोन किलोमीटर चालवून आणली आणि अंगणाच्या मधोमध उभं राहून, मालकाच्या तोंडावर मोजायला लागले. "पुढचे दोन टायर गेलेत. क्लच सहा महिने काढंल. डावीकडनं ठोकलीया, रंग वरवर मारलाय. रेडिएटरला पाझर हाय. इंजिन मात्र पहिल्या नंबरचं."

इंद्रजितचे कान लाल झाले. "आवं, गाडी घ्यायला आलाय का पंचनामा करायला?"

मामांमधला जुना माणूस आतून म्हणत होता, पाणी माग आणि नीघ. ते तिथंच उभे राहिले. "ह्या पोरीला रोज सहा पोरी न्यायच्यात, मालक. तुमाला राग आला तरी चालंल."

इंद्रजितनं राणीकडे बघितलं, रंगुबाईंच्या कनवटीवरल्या हाताकडे बघितलं. गाडीच्या मागं गेला. थोड्या वेळानं तिथूनच त्याचा आवाज आला, अजून घुश्शातच.

"एक ऱ्हायलं तुमचं. मागची डावी काच. खाली गेली की वर येत न्हाई. दुरुस्ती माझ्याकडं लागली."

"ऱ्हाऊ द्या," रंगुबाई म्हणाल्या. दार उघडून त्या मागं डावीकडंच जाऊन बसल्या होत्या आणि कोपर बाहेर काढलं होतं. "मला वारं लागतं. राणी, बस म्होरं. चालीव."