गोठवलेली भ्रूणं

माझी मुलगी बोलायला लागली होती, त्या सुमारास संभाजीनगरच्या दवाखान्यातून फोन आला. लग्नानंतर बरीच वर्षं मूल झालं नव्हतं, म्हणून आम्ही तिथे टेस्ट ट्यूबचे उपचार घेतले होते. फोनवरची बाई फार गोड बोलत होती. तुमची काही भ्रूणं अजून आमच्याकडे गोठवलेली आहेत. ती पुढे ठेवायची, नष्ट करायची की संशोधनाला द्यायची, तेवढं सांगा, म्हणाली.

विचार करून सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. देऊळगाव राजाजवळ आमचा भाजीपाल्याचा मळा आहे. जास्त गोड बोलणारा अडत्याच भाव पाडतो, हे मी माहेरीही पाहिलं आणि सासरीही. मला वाटलं, संशोधन हे नुसतं नाव. ही भ्रूणं दुसऱ्या कुणा बाईच्या पोटात ठेवतील आणि माझं लेकरू कुठल्यातरी गावात तिसऱ्याच्या नावानं वाढेल.

नवरा म्हणाला, नष्ट करायला सांग, विषय मिटव. तेही माझ्याच्यानं होईना. त्या भ्रूणांसाठीच तर इंजेक्शनं घेऊन घेऊन पोट काळंनिळं झालं होतं.

हे बोलणं सासऱ्यांनी ऐकलं. त्यांना कंपवात आहे, मेंदूतल्या पेशी मरत जाण्याचा आजार. हात इतके थरथरतात की शर्टाची बटणं माझा नवरा लावून देतो. अशा भ्रूणातून मूळपेशी काढतात आणि त्यांच्यापासून मेंदूच्यासुद्धा पेशी वाढवता येतात, हे त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. त्यांनी मला एकदाच विचारलं, दवाखान्यात कधी जाणार म्हणून. तेवढ्यानं माझा संशय त्यांच्याकडे वळला. आपल्या हातांसाठी यांना माझी लेकरं हवीत, असं वाटून मी त्यांच्याशी तुटक वागू लागले.

मी आणि नवरा दवाखान्यात निघालो त्या दिवशी सासरे आधीच तयार होऊन ओट्यावर बसले होते. नको म्हणता आलं नाही. जालन्यापर्यंत एका बसनं आणि पुढे दुसऱ्या बसनं आम्ही तिघं संभाजीनगरला पोहोचलो.

तिथे प्रयोगशाळेतल्या बाई भेटल्या. फोनवरच्यापेक्षा कोरड्या. पेशी काढल्या की भ्रूण उरत नाही, त्यातून मूल होत नाही, असं त्यांनी समजावलं. मी सरळ विचारलं, "आणि तुम्ही ती दुसऱ्या बाईला दिली तर मला कसं कळणार?"

"तुम्हाला कळणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही लिहून द्याल तेच आम्ही करायचं, असा नियम आहे. मी नियम पाळते. त्यापुढे मी काय सांगू?"

मग सासरे म्हणाले, "बाई, मले याच्यातून काई भेटन का?"

"नाही आजोबा," त्या म्हणाल्या. "परदेशात थोड्या रुग्णांवर तपासून पाहताहेत. काही हाती लागेलही, पण कधी ते माहीत नाही. मूळपेशीचं इंजेक्शन देऊन बरं करतो म्हणणारा कुणी भेटला, तर जाऊ नका."

सासऱ्यांनी मान हलवली. बाहेर बाकावर बसल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "माह्यापायी देऊ नको, पोरी. अन् माह्यापायी अडवूही नको."

मला स्वतःची लाज वाटली, पण संशय गेला नाही. दिवाळी होईपर्यंत मी काहीच कळवलं नाही. शेवटी संशोधनाला द्यायचं ठरवलं. एका थरथरणाऱ्या म्हाताऱ्याला तोंडावर 'नाही' म्हणणारी बाई मला फसवत नसावी, एवढाच आधार होता.

काही महिन्यांनी मीच फोन केला. भ्रूणं दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेली. नावं काढून टाकलेली असतात, पुढचं सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं. ते खरं असेल.

सासऱ्यांनी विचारलं, काय म्हणे. मी सांगितलं.

"मंग त्या लॅबवाल्याहीले काम करू दे," ते म्हणाले आणि नातीला घेऊन मळ्याकडे निघाले.