खुंटीवरची पिशवी

नरहरीभाऊ मेहेर माझ्याकडे कामाला लागले आणि आठ दिवसांत त्यांनी माझं डोकं उठवलं. कामात खोट काढायला जागा नव्हती. लेन्स पुसावी तर त्यांनीच, वायर गुंडाळावी तर त्यांनीच. पण कुठलीही वस्तू जागेवर ठेवली की ते मला हाक मारायचे.

"शेठ, फ्लॅशची बॅटरी डाव्या खणात ठेवतो. बगितलं?"

मी मान वर न करता "हं" म्हणायचो.

"हं नाय. बगितलं बोला."

"बघितलं, बाबा, बघितलं!"

मग कुठे त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

हे १९८६ सालचं. बोईसर स्टेशनबाहेर माझा फोटो स्टुडिओ होता. कारखान्यांच्या गेटपासचे फोटो हा रोजचा पोटापाण्याचा धंदा, आणि हंगामात तारापूरपासून पालघरपर्यंतची लग्नं. मी तेव्हा तिशीचा, तापट, आणि स्वतःला मोठा कलाकार समजणारा. नरहरीभाऊ पंचेचाळीसचे, दातिवऱ्याच्या मासेमारी करणाऱ्या घरातले. रोज एसटीने सफाळ्याला आणि तिथून गाडीने बोईसरला यायचे. एकदा मी डार्करूममध्ये फिल्म धूत असताना त्यांनी बाहेरून धडाधड दार ठोठावलं. काहीतरी पेटलं असं वाटून मी धडपडत दार उघडलं, आत उजेड शिरला आणि एका साखरपुड्याचे निम्मे फोटो गेले. "शेठ, कात्री टेबलाच्या खणात ठेवली. बगितलं?" त्या दिवशी मी त्यांना काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी सगळं उभ्याने ऐकून घेतलं, आणि मी दम घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाले, "बोला शेठ, तुमचा हक्क हाय. पन कात्री बगितली ना?"

तरी मी त्यांना काढलं नाही. कॅमेऱ्याला त्यांच्याइतकं जपणारा माणूस मला सगळ्या तालुक्यात मिळाला नसता. माझ्याकडे यायच्या आधी चौदा वर्षं ते परदेशी पर्यटकांच्या जहाजावर स्टुअर्ड होते. प्रवाशांच्या केबिन झाडायच्या, पलंगावरच्या चादरी बदलायच्या, हवं नको बघायचं, हे काम. सुट्टीवर निघालेल्या श्रीमंत लोकांच्या गळ्यात कॅमेरे असायचेच. मौल्यवान सामान जहाजाच्या तिजोरीत ठेवा असं त्यांना सांगितलं जायचं, पण कॅमेरा रोज लागतो, दर वेळी खाली जाऊन सही कोण करणार? मग तो केबिनमध्येच राहायचा आणि जीव टांगणीला लागायचा नरहरीभाऊंचा.

त्यांचे नियम ठरलेले होते. टेबलावर कॅमेरा ठेवायचा नाही, जहाज कललं की तो आधी खाली येतो. कपाटाच्या तळाला, दोन लोकरी कपड्यांच्या मधे ठेवायचा. गोल खिडकीजवळ तर नाहीच, तिथे खारा ओलावा येतो. थंडगार केबिनमधून उन्हात डेकवर न्यायचा तर आधी अर्धा तास बॅगेतच राहू द्यायचा, नाहीतर काचेला घाम सुटतो. बाहेर जाताना 'झोपलो आहे, उठवू नये' ही पाटी दाराला अडकवून जायचं, म्हणजे चोराला वाटतं माणूस आतच आहे. आणि तांदूळ तव्यावर कोरडे भाजून, रुमालात त्यांची पुरचुंडी बांधून ती कॅमेऱ्याच्या बॅगेत टाकायची. ही शेवटची युक्ती मात्र जहाजाची नव्हे. त्यांची आई होडीवर काड्यापेटी कोरडी राहावी म्हणून असं करायची.

इतकं करून या माणसाने आयुष्यात एकही फोटो काढला नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "सांबालनाऱ्यानं बटन दाबू नये, शेठ. दाबलं की ती वस्तू आपली वाटाया लागते."

'बगितलं बोला'चं कारण मला कळलं ते त्या वर्षीच्या पितृपक्षात. लग्नं नाहीत, साखरपुडे नाहीत, आम्ही दोघं स्टुडिओत माशा मारत बसलो होतो. मी सहज विचारलं की एवढी चांगली नोकरी का सोडलीत. नरहरीभाऊंनी हातातलं फडकं आधी नीट घडी केलं, मग सांगायला लागले.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. जहाज इटलीच्या बाजूला होतं. त्यांच्या एका केबिनमध्ये पक्ष्यांचे फोटो काढणारा म्हातारा प्रवासी होता; दोन कॅमेरे आणि हातभर लांब लेन्स. एका सकाळी समुद्र खवळला. म्हातारा न्याहारीला गेलेला आणि सामान पलंगावर उघडं. नरहरीभाऊंनी ते ब्लँकेटात गुंडाळलं आणि पाण्यात तरंगायची जॅकेटं ठेवतात त्या खालच्या कपाटात घट्ट बसवलं. म्हाताऱ्याला तसं सांगायला निघाले आणि जिन्यावरून घसरून डोक्यावर पडले. शुद्ध आली ती संध्याकाळी, जहाजाच्या दवाखान्यात.

तोवर म्हाताऱ्याने तक्रार केली होती. केबिनची दुसरी चावी कुणाकडे? नरहरीकडे. मग खलाशांच्या खोलीत, बारा जणांसमोर त्यांची पत्र्याची पेटी उघडली गेली. सुक्या कोळंबीचे सोडे, गंजीफ्रॉक, बायकोची पत्रं, सगळं जमिनीवर आलं. कॅमेरे त्यात असणार कुठून? नरहरीभाऊंनी जागा सांगितल्यावर तीन मिनिटांत ते सापडले. म्हातारा त्यांच्या खाटेशी बसून रडला आणि माफीचं पत्र लिहून देऊन गेला. पण वरचे साहेब म्हणाले की प्रवाशाच्या सामानाला न विचारता हात लावला. पुढच्या वर्षी नरहरीभाऊंना जहाजावर बोलावणं आलंच नाही.

"कॅमेरे मिलाले ते कोनी नाय सांगितलं, शेठ. पेटी उघडली ते मात्र मी घरी पोचायच्या आदी दातिवऱ्याला पोचलं," ते म्हणाले. त्याच किनाऱ्यावरचा एक खलाशी जहाजावर होता, त्याची कृपा. गावात तोंडावर कुणी बोलत नव्हतं. पण नरहरीभाऊ बंदरावर दिसले की बायकांचे हात आपोआप टोपलीवर जायचे.

"मी शुद्धीवर येईपर्यंत थांबाया पायजे होतं. आदी इचारायचं. आदी पेटी कशाला उघडली? मानसाजवल नाव सोडून दुसरं हाय काय?" मी तापट असलो तरी दगड नव्हतो. त्या दिवसापासून त्यांनी विचारायच्या आधीच मी मोठ्याने "बघितलं" म्हणायला लागलो.

चार वर्षं बरी गेली. १९९०च्या मे महिन्यात शिरगावला कमलाकांत राऊत यांच्या मुलीचं लग्न होतं. मी नुकताच व्हिडिओ कॅमेरा घेतला होता, खांद्यावर घ्यायचा, चांगला गाठोड्याएवढा. बोईसरात तसे तेव्हा दोन-तीनच असतील, त्यामुळे मी त्याला नवऱ्यामुलासारखा मिरवत होतो. अंगणात मंडप, सुरूच्या झाडांपलीकडे समुद्र. जेवणाची पंगत बसली तशी मी कॅमेरा खुर्चीवर ठेवला आणि जिलबीकडे वळलो.

तेवढ्यात किनाऱ्यावरून वावटळ आली. डोळ्यात वाळू, ताटात वाळू. कनात उडाली, मंडप हलायला लागला, आम्ही सगळे बांबू धरायला धावलो. पलीकडे एक बांबू निसटून आचाऱ्याच्या डोक्यात बसला आणि आरडाओरडा झाला. दहा मिनिटांनी वारा पडला. मी परत आलो तर खुर्ची रिकामी. कॅमेरा नाही आणि नरहरीभाऊही नाहीत.

"तुमचा माणूस रिक्षातून जाताना दिसला," कुणीतरी म्हणालं.

कमलाकांतराव माझ्याजवळ आले. "फोटोवाले, माणूस खात्रीचा आहे ना? त्याचं कुठल्या जहाजावर काहीतरी झालं होतं, असं आमच्या कानावर आहे."

पंधराएक माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मला सगळी हकीकत माहीत होती. "खात्रीचा आहे" एवढे दोन शब्द बोलायचे होते. एरवी माझं तोंड कुणाच्या बापाला ऐकत नाही. त्या दिवशी मी म्हणालो, "बघतो."

आणि बघायला गेलो. ओटीवर खुंटीला नरहरीभाऊंची कापडी पिशवी लटकत होती, तोंडाशी सुतळी बांधलेली. जवळपास कुणी नव्हतं. त्या पिशवीत माझ्या कॅमेऱ्याचा चौथा हिस्साही मावला नसता, हे मला कळत होतं. तरी मी सुतळी सोडली. आत टॉवेल होता, चुन्याची डबी होती, आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक इंग्रजी पत्र. 'तुम्ही माझे कॅमेरे माझ्यापेक्षा जास्त जपलेत आणि मी तुमच्याशी असा वागलो,' असं काहीतरी पहिल्या ओळीत होतं. पुढे वाचवलं नाही. मी घाईघाईने सगळं आत कोंबलं, सुतळी बांधली आणि बाहेर आलो. मला स्वतःची किळस आली होती.

दीड तासाने नरहरीभाऊ परतले, सदऱ्यावर रक्ताचे डाग. डोकं फुटलेल्या आचाऱ्याला मांडीवर घेऊन ते पालघरच्या दवाखान्यात गेले होते; वाळूच्या त्या गोंधळात त्याला कोण घेऊन गेलं ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. "सा टाके पडले, पन शुद्धीवर हाय," असं सांगत ते सरळ स्वयंपाकघरात गेले. तिथल्या तांदळाच्या पिंपातून उशीच्या अभ्र्यात बांधलेला कॅमेरा त्यांनी अलगद वर काढला. वाळूचा एक कण लागला नव्हता.

"बायडीआजीला दाखवून ठेवला मी. बगितलं बोल, असं पन बोललो. ती हो बोलली."

बायडीआजी ही कमलाकांतरावांची पंचाऐंशी वर्षांची आत्या. ऐकू येणं बंद झाल्यापासून ती सगळ्यांनाच 'हो' म्हणते. सगळे हसले, जरा जास्तच मोठ्याने हसले. नरहरीभाऊंनी एकेकाकडे पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं.

कमलाकांतराव भले गृहस्थ. त्यांनी हात जोडले. "माफ करा, आम्ही नको ते बोललो."

नरहरीभाऊंनी खुंटीवरची पिशवी काढली, क्षणभर हातात धरली, मग खांद्याला लावली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "तुमी परके, तुमी बोलनार. पन माज्या शेठनी माजी पिशवी नाय उघडली. दीड तास इथं खुंटीला होती, कोनी बगाया नव्हतं. जहाजावर आदी पेटी उघडली. शेठनी नाय उघडली."

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, आणि त्या नजरांत मान होता. कमलाकांतरावांनी माझी पाठ थोपटली. मी ती थोपटून घेतली.

तिथेच संपलं असतं तर मी कदाचित विसरलोही असतो. पण नरहरीभाऊ ही गोष्ट चहाच्या टपरीवर सांगायचे, गाडीत सांगायचे, दातिवऱ्याला तर घरोघर. आणि तिचा उपयोग झाला. ज्या बाईचा हात टोपलीवर जायचा, तीच गावाला जाताना घराची चावी त्यांच्याकडे देऊन जायला लागली. त्यांची बायको जमना दर रविवारी मला पापलेट पाठवायची. 'ज्यांनी माज्या मानसाची पिशवी नाय उघडली त्यांना,' असा निरोप. माझ्या घशाखाली ते उतरत नसे. "काटे लागतात," मी बायकोला म्हणायचो. उषा म्हणायची, "पापलेटाला काटे कुठून आले?"

अशी सात वर्षं गेली. १९९७ साली दातिवऱ्याच्या लोकांनी देवीच्या दागिन्यांची पेटी जत्रेपुरती सांभाळायला नरहरीभाऊंकडे दिली. सांगायला आले तेव्हा त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. ते माझ्या पाया पडायला वाकले, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा माणूस. "तुमच्यामुलं झालं, शेठ."

मी त्यांना खांद्याला धरून उठवलं. आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही असं वाटलं. "नरहरीभाऊ, शिरगावला मी तुमची पिशवी उघडली होती. टॉवेल, डबी, पत्र, सगळं बघितलं. इतकी वर्षं तुम्हाला फसवलं मी."

ते हळूच स्टुलावर बसले.

"माहीत हाय," ते म्हणाले. "खुंटीवरनं काडली तवाच कललं. सुतलीची गाठ माजी नव्हती."

"मग लोकांना तसं का सांगितलंत?"

"मग काय सांगू? माज्या शेठलाच माजा भरवसा नाय, असं? तुमी नाय ठेवला, मग गावानं कशाला ठेवावा?" त्यांचे डोळे भरून आले. "सात वरसं सांगतोय. सांगून सांगून मला पन ते खरं वाटाया लागलेलं. आज कशाला बोललात, शेठ?"