शिमग्याच्या दिवशी उतरलेली मासळी

मुलांनो, तुमची आई म्हणते की आजीने या वयात सूड घेतला हे तुम्हाला कळू नये. मी सांगणार आहे, आणि क्रमाने सांगणार आहे.

अंधेरीच्या आपल्या घरी कित्येक वर्षं एकच कोळीण मासे घेऊन येते. तुम्ही सुट्टीत आलात की काटे कमी म्हणून पापलेटं राखून ठेवते, ती. तिची आणि तिच्या नवऱ्याची एक लहान होडी आहे. बंदराचं नाव लिहीत नाही. तिथे सगळे एकमेकांना ओळखतात.

मागे एकदा त्या होडीचा परवाना नाकारला गेला. कारण दिलं होतं: होडी वर्षभर वापरात नाही. आणि ती तर रोज माझ्या दारात त्याच होडीचे बोंबील, मांदेली ओतत होती. कोणाची किती मासळी उतरली याची नोंद बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी ठेवायचा. त्याची स्वतःची मोठी बोट होती, आणि बोट भरपूर कामात दिसली की सवलतीचं डिझेल जास्त मिळतं. म्हणून तो हिची मासळी स्वतःच्या बोटीच्या नावावर चढवायचा आणि हिची ओळ कोरी सोडायचा.

ती जाब विचारायला गेली तेव्हा तो चार माणसांत म्हणाला, "तुझी होरी आता लुगडी वाळत घालायच्या कामाची."

हे तिने माझ्या दारात मासे कापताना सांगितलं. रडली नाही. कोयता मात्र नेहमीपेक्षा जोरात पडत होता.

त्या नोंदी पूर्वी सेक्रेटरीच्या कपाटात असत. नव्या नियमाने त्या संगणकावर सगळ्यांना खुल्या झाल्या आणि हरकत घ्यायला मुदत मिळाली. मी आयुष्यभर ऑफिसात इंग्रजी फायली लावल्या. कागदाला मी घाबरत नाही. तिला शेजारी बसवून एकेक तारीख मोठ्याने वाचत गेले. एका तारखेला तिने माझा हात धरला.

"त्या दिशी शिमगा होता. शिमग्याला कोन होरी काढतं गो बाय?"

शिमग्याला कोळीवाड्यातली प्रत्येक होडी सजवून, पूजून किनाऱ्याला लावलेली असते. सेक्रेटरी स्वतः कोळी, त्याला हे कोणी शिकवायला नको. पण बसल्या बैठकीला अख्खा महिना लिहून काढताना तो शिमग्यालाही थांबला नव्हता. नोंदीप्रमाणे त्या दिवशी त्याची बोट मासळी घेऊन आली होती, बोट चालवणारा तांडेल तो स्वतः. आणि कोळणीच्या फोनमधल्या व्हिडिओत त्याच दिवशी बँडपुढे नाचणारा माणूसही तोच.

मी हरकत लिहून दिली आणि मत्स्य खात्यातल्या सुनावणीला आम्ही दोघी गेलो. आजींना मासे खायचे की कागद, असं तो साहेबांसमोर हसत म्हणाला. मी आधी ती तारीख वाचली, मग त्याला विचारलं, त्या दिवशी बोटीवर तुम्हीच होता ना? तो हो म्हणाला. ते लिहून घेतलं जाईपर्यंत मी गप्प राहिले. मग तो व्हिडिओ लावून फोन टेबलावर ठेवला. त्याचा उतरत जाणारा चेहरा मी सावकाश पाहिला. घाई केली नाही.

एक ओळ खोटी निघाल्यावर बाकीच्याही तपासल्या गेल्या. हिचा परवाना परत मिळाला. त्याचं पद गेलं आणि चौकशी संपेपर्यंत बोट किनाऱ्यावर बांधून ठेवण्याचा हुकूम झाला.

यंदा शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या होड्या समुद्रात गेल्या, त्याची तेवढी राहिली. कोळणीने घरातली सगळी लुगडी धुतली आणि त्या बोटीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत वाळत घातली. तो घराच्या ओट्यावरून बघत होता.

तुमच्या आईने फोनवर विचारलं, हे शोभतं का? मला पुरेपूर शोभतं. कपड्यांचे चिमटे मीच घरून नेले होते.