पेन्सिलीने उघडलेले डोळे

शरदकाका वेदकांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. त्यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात हे सांगावं की नाही, याचा मी बराच विचार केला. पण संपादक मंडळाने 'प्रथम परिचयापासून सुरुवात करावी' असं कळवलंय, तेव्हा दोष त्यांचा.

मी रोह्याची. आमच्या शाळेत दहावीचा ग्रूप फोटो काढायला काका पेणहून यायचे. लाकडी कॅमेरा, तीन पायांचं उंच स्टँड आणि डोक्यावरून घ्यायचं काळं कापड, एवढा त्यांचा संसार. फोटो हातात पडला आणि मी रडायचीच बाकी राहिले. चेहरा माझा, वेण्या माझ्या, पण डोळे गणपतीचे! लांबट, शांत, कानाकडे निघालेले. आईला ते फार आवडले, त्यामुळे तर मी जास्तच चिडले. शनिवारी शाळा सुटल्यावर एका मैत्रिणीला ओढत एसटीने पेण गाठलं आणि स्टुडिओच्या पायरीवरूनच विचारलं, "हे डोळे कोणाचे?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "तू डोळे मिटलेस गो. मिटल्या डोळ्यांनी कोण दहावी पास होतं? म्हणून उघडले."

"पण हे माझे नाहीत."

"तुझे मी बघितले होते कुठे? ज्याचे बघायला मिळत नाहीत, त्याला देवाचे देतो."

मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं, निगेटिव्ह तिरप्या काचेवर ठेवली आणि माझ्याकडे बघत डोळे पुन्हा काढायला घेतले. ते बघता बघता माझा राग कुठल्या कुठे गेला. बारावीनंतर मी त्यांच्याकडे शिकायला गेले ती आजतागायत त्यांची विद्यार्थिनीच आहे.

ज्यांनी ते काम पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. काकांच्या कॅमेऱ्याची फिल्म रिळाची नव्हे, एकेका फोटोला एकेक मोठा ताव, तळहाताहूनही मोठा. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. पेन्सिल फिरवली की फोटोत ती जागा उजळते, आणि ब्लेडच्या टोकाने हलकेच खरवडलं की काळी पडते. म्हणजे डोळ्यातलं पांढरं पेन्सिलीने भरायचं आणि बुबुळ खरवडून आणायचं. कित्येक फोटोग्राफर मुरमं आणि देवीचे व्रण झाकण्यापलीकडे जात नसत. काका डोळ्यांपर्यंत गेले, कारण तरुणपणी ते पेणजवळच्या जोहे गावातल्या गणपती कारखान्यांत बसून डोळ्यांची आखणी शिकले होते. त्यामुळे पेण-रोह्याच्या निम्म्या घरांत भिंतीवर कुणी ना कुणी गणपतीच्या नजरेने बघत असतं, ही चेष्टा आम्ही शिष्यमंडळी त्यांच्या तोंडावर करतो आणि ते ती हसून घेतात.

त्यांचा दुसरा हट्ट म्हणजे निगेटिव्ह टाकायची नाही. कुंडलिका नदीचं पाणी रोह्यात शिरलं त्या वर्षी आमच्या शाळेतल्या भिंतीवरच्या ग्रूप फोटोंच्या सगळ्या तसबिरी गेल्या. कुणी काही मागायच्या आत काकांनी त्या पुन्हा छापल्या आणि सकाळच्या गाडीने स्वतः आणून दिल्या. मुख्याध्यापकांनी भाषण सुरू केलं तेव्हा हे खिळे ठोकत होते. "आधी सरळ टांगू द्या, मग बोला," म्हणाले.

दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांच्या माळ्यावरचे पत्र्याचे डबे उघडले आणि आंबूस वास आला. जुनी फिल्म आतून कुजायला लागली की असा वास सुटतो. काकांनी डबा नाकाशी नेला. "लोणचं मुरलं," म्हणाले. त्यांचं आयुष्यभराचं काम त्या डब्यांत होतं, आणि ते लवकरात लवकर संगणकावर उतरवणं मी अंगावर घेतलं.

घेतलं खरं, पण उतरवायचं कशावर? रोह्याला लागून असलेल्या वरसे इथल्या माझ्या स्टुडिओत झाकणातून उजेड देणारा एक चांगला फिल्म स्कॅनर होता. त्याने ऐन वेळी मान टाकली. कंपनीने ते मॉडेल बनवणं कधीच सोडलंय, सुटे भाग मिळत नाहीत, आणि नव्या संगणकाला त्याची भाषा समजत नाही. नवीन घ्यावा तर एवढी मोठी फिल्म घेणारे स्कॅनर आता कुणी नव्याने घडवतच नाही. जे आहेत ते जुन्यांचीच नक्कल. मुंबईत एकांकडे फिरत्या नळकांड्याचा जुना स्कॅनर अजून चालतो. त्याच्यासारखं बारीक काम दुसऱ्या कशात नाही. पण ते म्हणाले, "फिल्म आधी धुऊन, द्रवात भिजवून चिकटवावी लागेल."

मी काकांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, "धुतली की पेन्सिल जाईल. खरवडलेलं राहील. लोकांचे डोळे ना मिटलेले, ना उघडे. नको."

शेवटी वाट त्यांनीच काढली. निगेटिव्हवरून मोठे फोटो छापायच्या त्यांच्या जुन्या एन्लार्जरचा खांब वरसेला आणला, वरचं दिव्याचं डोकं उतरवून तिथे माझा डिजिटल कॅमेरा उलटा टांगला, खाली सपाट उजेडाची पाटी. एकेका निगेटिव्हचे तुकड्या-तुकड्याने फोटो काढायचे आणि संगणकावर जोडायचे. कडेने उजेड फुटायचा, तर काकांनी फिल्मच्या डब्यांतला जुना काळा कागद कापून चौकटी केल्या. पेणहून ते रोज येत, आणि चहा मात्र माझ्या हातचा नको म्हणत. मी साखर कमी घालते, असा त्यांचा आरोप आहे.

या कामात घडलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही.

जवळच्या निडी गावातल्या भजनी मंडळाची एक निगेटिव्ह निघाली. मंडळात पखवाज वाजवणारे गृहस्थ तो फोटो काढल्यावर वर्षभरातच तापाने गेले होते. त्यांचा दुसरा फोटोच नव्हता. त्यांच्या पत्नीने त्याच ग्रूपमधून त्यांचा चेहरा मोठा करून घेतला होता. त्यांची मुलगी सुनंदा आता माझ्या शेजारच्या गल्लीत राहते. घरातला तो फोटो पिवळा पडलाय म्हणून नवीन मिळेल का, असं विचारायला ती आली. मी उत्साहाने निगेटिव्ह पडद्यावर मोठी केली, आणि वडिलांच्या डोळ्यांत पेन्सिलीच्या रेघा स्पष्ट दिसल्या.

"ह्या रेघा कसल्या, ताई?"

खोटं बोलणं मला जमलं नाही. सुनंदा खुर्चीत बसली. "म्हंजी बाबाचं डोळं मिटल्यालं होतं? मंग मी जल्मभर बघते ते कुनाचं? मला तर बाबा आठवत पन नाय."

कागद कापत बसलेल्या काकांनी कात्री खाली ठेवली.

"तुझी आई फोटो मागायला आली, तेव्हा तू तिच्या कडेवर होतीस," ते म्हणाले. "ग्रूप छापला तेव्हा चेहरा नखाएवढा, मिटलेले डोळे माझ्याही नजरेतून सुटले होते. मी तिला मिटलेल्या डोळ्यांचं सांगितलं नाही. फक्त विचारलं, पोरीचे डोळे कुणावर गेलेत? ती म्हणाली, बापावर, हुबेहूब. मग तुला स्टुलावर बसवलं. तू रडत होतीस, तर आईने हातात बिस्कीट दिलं. गप्प झालीस, माझ्याकडे टकामका बघायला लागलीस. तुझे बघून काढलेत गो. देवाचे नाय."

गिऱ्हाईकांना भांग पाडायला स्टुडिओत आरसा असतो. सुनंदा उठली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. आरशात बघायची, वळून पडद्याकडे बघायची, पुन्हा आरशात. मला रडू आवरलं नाही, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

"व्हय," ती म्हणाली. "ताई, कायबी पुसू नका. हाय तसाच द्या."

आम्ही काहीच पुसलं नाही. बहुतेक डबे आता संगणकावर उतरलेत, पेन्सिलीच्या रेघांसकट. जे कुजून गेले त्यांची हळहळ काकांना आहे, आणि ती राहणारच.

काकांनी आता पंच्याहत्तरी गाठली आहे. त्यांची नजर आणि हात असेच साथ देवोत, त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि माझ्या चहातली साखर त्यांना कधीतरी पुरेशी वाटो, ही आम्हा सर्वांची इच्छा. त्यांच्याकडे चांगल्या फिल्मचा एक शेवटचा ताव जपून ठेवलेला आहे. सत्काराच्या दिवशी आपण सगळ्यांनी त्या लाकडी कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं आहे. सुनंदाही येणार आहे. तेव्हा मंडळी, घाबरू नका. कुणाची पापणी लवलीच, तर काका आहेत.